चार वितींचं इंजिन

आमच्या घरासमोरचा चढ तसा काही डोंगर नव्हे. पण आमच्या छोट्या गाडीला तो डोंगरच वाटायचा. मी पडदे शिवते. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, हौशी लोकांच्या दिवाणखान्यांचे. कापडाचे गठ्ठे मागच्या सीटवर टाकले आणि पुढे आम्ही दोघं बसलो, की निम्म्या चढावर गाडी धापा टाकायला लागायची. मग मी मुकाट्याने दार उघडून उतरायचे आणि मागून चालत यायचे. बरेचदा गाडीच्या आधी मीच घरी पोचायचे. कोपऱ्यावरचा किल्ल्या बनवणारा हे रोज बघायचा आणि विचारायचा, "काय ताई, आज कोण जिंकलं?"

नवरा हसण्यावारी न्यायचा, पण त्याचे कान लाल व्हायचे. तो लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो. दिवसभर जगाला वर चढवायचं आणि संध्याकाळी स्वतःच्या दारासमोर हात टेकायचे, हे त्याला फार लागायचं. त्यातून तो अंगाने थोराड. आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून वाकूनच यायचा. त्या गाडीत तो बसला की गुडघे स्टिअरिंगला टेकायचे. तयार शर्टाची बाही त्याला कधी पुरली नाही, म्हणून लग्नापासून त्याचे कपडे मीच शिवते. त्याचं माप मला तोंडपाठ आहे. होतं, म्हणायला हवं.

एका रविवारी सकाळी माझा धाकटा भाऊ टेम्पोतून मोठ्या गाडीचं इंजिन घेऊन आला. भावाचं वेल्डिंगचं दुकान आहे. भंगारात एक गाडी मागून चेपून आली होती, पुढचा भाग शाबूत होता. दोघांनी चेन ब्लॉकच्या साखळी-कप्पीने इंजिन उतरवलं आणि पोर्चमध्ये दोन जुन्या टायरांवर ठेवलं. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा दोघंही त्याच्याकडे नव्या पाहुण्याकडे बघावं तसे बघत उभे होते.

"हे त्यात बसणार आहे?" मी आधी इंजिनाकडे आणि मग आमच्या गाडीकडे बोट दाखवलं.

"बसवायचं आहे," नवरा म्हणाला.

मी इंजिनाच्या वरच्या झाकणाला हात लावला. कोमट होतं. टेम्पोत उन्हातून आलंय, लोखंड ऊन धरून ठेवतं, असं मी मनाशी म्हटलं. संध्याकाळी पोर्चच्या तुळईखालच्या सावलीतही ते तसंच कोमट होतं, पण तेव्हा मला कापड कापायचं होतं.

नवऱ्याचं घराणं सुतारांचं. त्याच्या वडिलांनी जन्मात कधी टेप वापरला नाही. वीत आणि बोटं, बस्स. त्या घरात एक शिस्त होती: जी वस्तू बसवायची तिचं माप एकदाच घ्यायचं, पुन्हा कधीही नाही. जागा मात्र हवी तितक्या वेळा मोजावी, कारण जागेवर आपण काम करत असतो. दार-खिडक्यांना हे ठीक असेल. नवऱ्याने ती शिस्त इंजिनालाही लावली. पंजा ताणून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत टेकवत तो इंजिनाच्या या टोकाकडून गिअरबॉक्सच्या त्या टोकापर्यंत गेला.

"चार विती. बरोबर चार."

मग बॉनेट उघडून, जुनं इंजिन काढलेल्या पोकळीत तो असाच पंजा टेकवत गेला. तीन विती आणि सहा बोटं. अर्धी वीत कमी पडत होती.

"भावोजी, चासी कापावी लागेल," भाऊ म्हणाला.

"कापायची नाही. कापली की गाडी दुबळी होते. जागा करायची."

मी गळ्यातला टेप काढून दोन्हीकडे लावला. इंजिन छत्तीस इंच, पोकळी साडेएकतीस. "साडेचार इंच कुठून आणणार आहेस?"

"टेपला काय कळतंय? टेप दुकानात मिळतो. हात आपला असतो."

"हात आपला आहे, पण इंजिन दुसऱ्याचं आहे," मी म्हणाले आणि आम्ही तिघंही हसलो.

त्यानंतर दर रविवारी पोर्चमध्ये ठोकाठोक चालायची. नवऱ्याने रेडिएटर पुढे सरकवला, बॅटरी मागे डिकीत नेली, पत्रा आतून हातोडीने बडवला. काम झालं की पोकळीत वाकून पंजा टेकवायचा. "सात बोटं," तो ओरडायचा. पुढे कधी तरी, "आठ." मी शिवण टाकून टेप घेऊन जायचे. साडेएकतीस इंच. पत्रा बडवून खड्डे पडले होते, रंग उडाला होता, पण रुंदी सुताइतकीही बदलली नव्हती.

"अरे, काही वाढलेलं नाही."

"तू टेप तिरका धरतेस."

मी रोज वीस-वीस फुटांच्या पडद्यांचे काठ जुळवते. मी टेप तिरका धरते म्हणे! मी वाद घातला नाही. पुरुषमाणसाच्या डोक्यात खूळ शिरलं की ते आपोआप उतरू द्यावं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

मग एका सकाळी कामावर निघताना त्याची पँट बुटाच्या टाचेखाली आली. तो अडखळला आणि माझ्यावर खेकसला, "दुमड उसवलीय का बघ." दुमड शाबूत होती. कापड सैल पडलं असेल म्हणून मी ती आत घेतली. काही दिवसांनी पुन्हा घेतली. मग शर्टाची बाही मनगटावरून उतरून बोटांच्या पेरांवर आली. मनगटाचं हाड नेहमी उघडं पडतं म्हणून कुरकुर करणारा माणूस कफ मागे सारत जेवू लागला. आणि एके दिवशी तो स्वयंपाकघरात न वाकता आला.

मी तेव्हा कणीक मळत होते. तो आला, पाणी प्यायला, गेला. चौकट आणि त्याचं डोकं यांच्यात मला मागची भिंत दिसली. माझे हात पिठातच राहिले.

त्याचं माप घ्यायचा मी प्रयत्न केला, पण तो उभा राहीना. "एकदा घेतलंयस ना लग्नात?" म्हणून हसून निघून जायचा. शेवटी रविवारी दुपारी तो पोर्चमधून दमून येऊन झोपला, तेव्हा मी हळूच टेप लावला. खांदा, बाही, कमरेपासून घोटा. तो बारीक झाला नव्हता, आजारी दिसत नव्हता. सगळा माणूस सारख्याच प्रमाणात आटला होता, गरम पाण्यात पडलेल्या लोकरीसारखा. मी त्याचा पंजा उलगडला आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत टेप धरला. त्याची वीत नऊ इंचांची होती, मला पक्कं ठाऊक होतं. त्याचे हातमोजेही मीच शिवलेत. आता ती आठ इंचांना थोडी कमी भरली.

तेव्हा मला ते गणित कळलं. जागा वाढत नव्हती. हात कमी होत होता.

डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं, पट्टीला टेकवलं, जुना आकडा पाहिला आणि म्हणाले, "मागच्या वेळी कुणीतरी चुकीचं लिहिलेलं दिसतंय."

"डॉक्टर, त्याचे सगळे कपडे मला आत घ्यावे लागलेत."

"वयाप्रमाणे माणूस थोडा आखडतो."

"चाळिशीत? आणि हातसुद्धा?"

डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मलाच विचारलं, झोप लागते का. नवऱ्याला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, मला झोपेच्या. परत येताना नवरा शीळ वाजवत होता.

पुढच्याच रविवारी पोकळी चार विती भरली.

भाऊ चेन ब्लॉक घेऊन आला. मी आधी टेप लावला, दोन्हीकडे, भावाला समोर उभं करून. छत्तीस इंच. साडेएकतीस इंच. भाऊ म्हणाला, "भावोजी, नाही जाणार. फुकट साखळी तुटेल."

"तू सोड खाली. माझा हात आहे ना."

साखळी कडकड करत सुटत गेली. इंजिन लोंबकळत पोकळीच्या तोंडाशी आलं. मी डोळे मिटून घेतले, पत्रा फाटल्याचा आवाज येईल म्हणून. कसलाच आवाज आला नाही. डोळे उघडले तेव्हा ते आत बसलेलं होतं. दोन्ही बाजूंना बोट जाईल इतकी फट होती. भावाने त्या फटीत बोट घातलं, काढलं, पँटला पुसलं. मग तो हत्यारं गोळा करायला लागला. चहाला थांबला नाही.

गाडी चालू झाली तेव्हाचा नवऱ्याचा चेहरा मी विसरणार नाही. उशीवर बसून, सीट पार पुढे ओढून त्याने मला शेजारी बसवलं, मागे गठ्ठे टाकले आणि चढाला गाडी घातली. गाडी अशी वर गेली, जणू रस्ता सपाट होता. किल्लीवाला उठून उभा राहिला. नवरा मोठ्याने हसला, हॉर्न वाजवला. मीही हसले. मला उतरावं लागलं नव्हतं. वर पोचून त्याने इंजिन बंद केलं, माझा हात हातात घेतला आणि मला रडू फुटलं, कारण माझ्या मुठीत त्याचा हात आता पुरता मावत होता.

"झालं ना आता?" मी म्हटलं. "आता पुन्हा मोजू नकोस. माझी शपथ आहे तुला."

"वेडी आहेस," तो म्हणाला. पण आठवडाभर त्याने शपथ मोडली नाही.

पुढच्या रविवारी त्याने बॉनेट उघडलं नाही. वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत बसला. दुपार कलता कलता तो छाती चोळायला लागला. "काही नाही, जरा जागा नाही आत," म्हणाला. मी म्हटलं, जागा कसली? तो म्हणाला, "श्वासाला. अर्ध्यात अडतोय." ओठ निळसर झाले होते. मी पाठ चोळली, खिडक्या उघडल्या, दवाखान्यात फोन लावायला धावले. तेवढ्यात तो उठला, भिंत धरत पोर्चमध्ये गेला, बॉनेट वर केलं आणि इंजिनाशेजारच्या फटीत हात घातला.

"घट्ट झालंय गं," तो म्हणाला. "गरम होतंय. त्याला थोडी हवा हवी."

त्याने बोटं टेकवून ती फट मोजली. एक बोट. पुन्हा मोजली. एक आणि थोडं. मग त्याने खोल, लांब श्वास घेतला आणि ओठांचा रंग परत आला. मी त्याच्या मागे उभी होते. माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या शर्टाची कॉलर मानेपासून सुटली.

मी भावाला बोलावलं. नवरा कामावर गेलेला असताना यायला सांगितलं. "काढून टाक ते. गाडीसकट भंगारात दे. मी समजावेन त्याला." भाऊ आला. साखळी अडकवायला त्याने इंजिनाखाली हात घालायचा प्रयत्न केला. फट दिसत होती, उजेड आरपार जात होता, पण त्याची बोटं आत जाईनात. पहार घातली, ती वाकली. ग्राइंडर लावला, तेव्हा चासीतून ठिणगी उडाली आणि माझा फोन वाजला. नवऱ्याचा मुकादम होता. लिफ्टच्या खड्ड्यात काम करता करता तो एकाएकी छाती धरून खाली बसला होता.

"बंद कर!" मी ओरडले. "बंद कर ते!"

ग्राइंडर थांबला. फोनवर मुकादम म्हणाला, "हां, उठला. बरं वाटतंय म्हणतोय." मग जरा थांबून, चेष्टेच्या सुरात, "वहिनी, याला खायला घालत नाही का? आता खड्ड्यात उतरवायला बरा पडतो म्हणा, कुठेही मावतो."

भावाने ग्राइंडर पिशवीत भरला. "ताई, तू माझ्याकडे चल."

"आणि तो?"

भावाने पिशवी उचलली. तो गेला, तो पुन्हा आला नाही. फोन करतो, पडद्यांच्या कामाचं विचारतो, भावोजींचं विचारत नाही. मला त्याचा राग येत नाही. मीही पळाले असते, माझा नवरा नसता तर.

त्यानंतरचे रविवार मी कसे काढले ते सांगता येणार नाही. मोजू दिलं नाही तर तो गुदमरायचा. मोजू दिलं तर आटायचा. मी बाजूला उभी राहून बघायचे. लोक म्हणतात, काहीतरी करायला हवं होतं. काय, ते कुणी सांगत नाही. मी त्याचे कपडे आत घेत राहिले. आत घेण्याजोगं कापड उरलं नाही, तेव्हा नवे शिवले. पाठमोरा तो शाळेतून आलेल्या मुलासारखा दिसायचा. वळला की त्याच त्या चेहऱ्याचा, दाढीचे खुंट वाढलेला, माझा माणूस. त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट. "गाडी काय पळतेय बघितलंस?" म्हणायचा. आता त्याचे पाय पोचत नसत, म्हणून गाडी मी चालवायचे आणि तो शेजारी बसून समाधानाने इंजिनाचा आवाज ऐकायचा.

एका रविवारी तो स्टुलावर चढून बॉनेटमध्ये वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग म्हणाला, "पोचत नाही."

"काय?"

"हात. पलीकडच्या फटीपर्यंत पोचत नाही माझा." पहिल्यांदाच त्याचा आवाज घाबरलेला होता. श्वास अडायला लागला होता. "अगं, काय करू मी?"

त्याच्या कपाळाच्या शिरा फुगल्या होत्या. इंजिन बंद होतं, कालपासून चालवलं नव्हतं, तरी त्यातून ऊब येत होती आणि ती माझ्या तोंडावर येऊन आदळत होती. मी त्याला कडेवरून उतरवावं तसं स्टुलावरून उतरवलं.

"सर," मी म्हणाले. "मी मोजते."

माझा हात पलीकडे सहज पोचला. मी पंजा पसरला. पत्रा गुळगुळीत होता, आतून एक बारीकशी धडधड येत होती, बोटं टेकताच ती थांबली. मी मोठ्याने मोजलं, तो मोजायचा तसं. एक बोट. आणि थोडं.

मागे नवऱ्याने खोल श्वास घेतला.

तेव्हापासून माप मीच घेते. त्याचे कपडे आता मला आत घ्यावे लागत नाहीत. आहे तेवढा तो आहे. श्वास छान चालतो, जेवतो, रात्री गाढ झोपतो. मी देवाकडे तेवढंच मागितलं होतं, मिळालं. इंजिनाला दर रविवारी थोडी हवा लागते, ती मी देते. कामं जरा कमी घेते, लांब पडद्यांची कापणी मला झेपत नाही. नवीन गिऱ्हाइकं मात्र अजून येतात, नाव ऐकून.

काल एक बाई आल्या. नवं घर घेतलंय, सहा खिडक्यांचे पडदे करायचे होते, कापडाची पिशवी हातात होती. मी दार उघडलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून आतल्या खोलीत नजर फिरवली, आत नवरा जमिनीवर बसून स्पार्क प्लग पुसत होता, तो त्यांना पाठमोरा दिसला. मग त्या गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "बाळा, घरात मोठं कुणी आहे का?"

"नाही," मी म्हणाले.